दुपारचं काम

१

सकाळी नऊ ते एक गाडीत काम, मग जेवण, मग पुढच्या खोलीत कोचावर एक डुलकी, चार वाजता चहा. निवृत्त होऊन गाडी घेतल्यापासून माझा दिवस असा बसला होता. गाडी म्हणजे आमचं नवंकोरं मोटरहोम, चाकांवरचं एका खोलीचं घर. मागे पलंग, मधे ओटा आणि कपाटं, पुढे दोन सीट. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, म्हणून मी त्याला 'बिऱ्हाड' म्हणायला लागलो. बायकोने आधी कपाळाला हात लावला आणि दोन दिवसांनी तीही तेच म्हणू लागली. घराच्या कडेला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक चिंचोळी मोकळी जागा आहे. बिऱ्हाड तिथे उभं असे. आत घालताना मी एकदा भिंतीला घासलंच होतं.

नव्या गाडीत दुरुस्त्या कसल्या, असं ज्याला वाटतं त्याने नवी गाडी घेतलेली नाही. वळणावर खण आपोआप बाहेर यायचा. टेबल एका अंगाला झुकायचं. पाण्याचा पंप सुरू केला की आजाऱ्यासारखा कण्हायचा. जरा खड्डा आला की कपाटं अशी खडखडायची की शेजारच्या सीटवरचं बोलणं ऐकू येऊ नये. मी वहीत यादी केली. सव्वीस कामं निघाली, आणि निघायला सतरा दिवस होते.

मी तीस वर्षं विमा कंपनीचा सर्व्हेअर होतो. जळालेली गोदामं, चेपलेल्या गाड्या, पाणी शिरलेली दुकानं बघायची आणि खरं किती, बनाव किती ते लिहायचं. चांगलं काम कुठलं आणि वरवरचं कुठलं हे मला दारातूनच कळतं. नजर तयार आहे, हात मात्र कच्चे. आमच्या हॉलमध्ये एका खिळ्यापायी मी पाडलेली सात भोकं आहेत. ती झाकायला कॅलेंडर लावलंय, आणि त्या कॅलेंडरचा खिळा मेहुण्याने ठोकलाय. हिचा हा धाकटा भाऊ फर्निचरचं काम करतो. तो म्हणाला होता, "भाऊजी, गाडी आणून लावा माझ्याकडे, आठ दिवसांत हातात देतो." मी नको म्हणालो.

त्याला कारण होतं. माझे वडील नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्या नऊ वर्षांत ही एक रात्रही घराबाहेर राहिली नाही. मी कामासाठी गावोगाव फिरायचो. ही त्यांना उठवायची, बसवायची, कुशीवर वळवायची. ते गेल्यावर मी तिला विचारलं, कुठे जाऊ या? ती म्हणाली, "कुठेही. फक्त सकाळी पडदा सरकवला की रोज काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे." म्हणून हे बिऱ्हाड. ते मी माझ्या हाताने तिच्यासाठी नीट करायचं, तिला शेजारी बसवून न्यायचं, आणि तिने एकदा तरी म्हणायचं, छान केलंत. एवढीच माझी हाव होती.

पहिल्या दिवशी खणाला खटका बसवायला घेतला. चार स्क्रूंपैकी तीन तिरके गेले आणि चौथा अर्ध्यात अडकला. खटक्याची आणि खणाची गाठच पडेना. एक वाजता हिने जेवायला हाक मारली, तेव्हा सगळं तसंच टाकून मी उठलो.

२

चार वाजता कप हातात घेऊन गाडीत शिरलो तर खण बंद होता. ओढला. टक्. ढकलला. टक्. पुन्हा ओढला. इतका नेमका आवाज आमच्या घरातल्या कुठल्याच वस्तूला नव्हता.

मी कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. चारही स्क्रू सरळ होते, आणि चारहींच्या डोक्यावरच्या खाचा एका रेषेत, उभ्या. हे कोणी मुद्दाम बघत नाही. ज्याला आपल्या कामाचा अभिमान आहे तोच एवढं करतो. माझी तिरकी भोकं कुठेच नव्हती. बोट फिरवलं, नखाने खरवडलं. लाकडाच्या रेषा तिथून न अडखळता पुढे जात होत्या.

तीस वर्षांची सवय म्हणून मी आधी साधी कारणं शोधली. माणूस वैतागला की स्वतःचं काम आहे त्याहून वाईट दिसतं. पोटात भूक होती, उजेड डोळ्यांवर होता. भोकं दिसतात तेवढी वाकडी नसतीलही. मग खटका आपोआप कसा बसला, एवढा एक प्रश्न उरत होता. तो मी बाजूला ठेवला.

तेवढ्यात ही आली. तिने खण दोनदा उघडला, दोनदा लावला, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की लग्नाच्या अल्बममध्येही ती नजर नाही.

"अहो, हे तुम्ही केलंत?"

मी काहीच बोललो नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी माझी त्या दिवशी समजूत होती.

"छान केलंत हो," ती म्हणाली आणि पुन्हा एकदा टक् केलं.

३

दुसऱ्या दिवशी मी टेबलाचा पाय सोडवला आणि तो परत बसेना. जेवून, झोपून आलो तर टेबल उभं होतं. त्यावर भरलेला ग्लास ठेवून पाहिलं, पाणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी पंपाखाली रबर घालायचं होतं. मी नुसतं रबर आणून ठेवलं. चौथ्या दिवसापासून मी सकाळी फक्त सामान मांडायचो, यादीतल्या कामावर खूण करायचो आणि वर्तमानपत्र वाचायचो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. लाज वाटायची, पण चार वाजेपर्यंतच. चार वाजता ही चहा घेऊन यायची आणि लाज कुठल्या कुठे जायची.

आणि काम तरी काय होतं! कोपरे असे गोल घासले होते की डोळे मिटून चाललं तरी कुठे लागू नये. बिजागऱ्यांना इतकंच तेल की बोटाला लागणार नाही. फटी बुजवायच्या सिलिकॉनची रेघ ओट्याच्या कडेने एका दमात ओढलेली, मधे हात उचललाच नव्हता. खडखड थांबवायला मी जाड फोमच्या पट्ट्या आणल्या होत्या. त्या भिंतींच्या आत कशा गेल्या मला कळलं नाही, पण त्या दिवसानंतर दार लावलं की बाहेरचं जग बंद व्हायचं. ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाका मारून थकायची आणि मला आत काही ऐकू यायचं नाही. मग ती हसत खाली यायची.

सर्व्हेअर म्हणून सांगतो, तीस वर्षांत मी असं काम दोनदाच पाहिलं होतं. दोन्ही वेळा करणारा म्हातारा होता आणि दोन्ही वेळा वस्तू जळून गेलेली होती.

त्या पट्ट्या बसायच्या आधी एकदा चहा ओतता ओतता ही म्हणाली, "दुपारी तरी जरा पडत जा. किती ती ठोकाठोकी. आणि आता या वयात गुणगुणायला कधी लागलात?"

मी त्या दुपारी दीड ते चार कोचावर होतो. आणि गुणगुणायचं म्हणाल तर मी अंघोळीलासुद्धा गप्प असतो.

"वाईट नाही हो वाटत," ती म्हणाली. "मी आत पडल्या पडल्या ऐकते. बरं वाटतं, कोणीतरी आपल्यासाठी काम करतंय म्हणून."

४

रविवारी मेहुणा आला. बहिणीने फोनवर इतकं कौतुक केलं होतं की त्याला राहवलं नाही. येताना तो थट्टेच्या तयारीतच आला होता. "भाऊजी, गाडीला कॅलेंडरं किती लागली?" असं म्हणत तो आत चढला, आणि खणापाशी जाऊन थबकला.

मग त्याने चप्पल काढून दाराबाहेर ठेवली. एकेक कपाट उघडलं, बंद केलं, कडेवरून तळवा फिरवला, वाकून बिजागरीच्या मागे पाहिलं. पंधरा मिनिटं तो काही बोलला नाही. हा माणूस झोपेतही बोलतो.

"हे तुम्ही केलंत, ताई सांगते."

"हळूहळू जमायला लागलं," मी म्हणालो. या वेळी मी नुसता गप्प बसलो नव्हतो.

त्याने खिशातली बॅटरी काढून पलंगामागच्या फळीच्या फटीत उजेड पाडला. "इकडे या. तो स्क्रू दिसतो?"

दिसला. 

"त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"

मी पाहिलं. डोकं आतल्या बाजूला होतं, भिंतीच्या पोकळीकडे. टोक आपल्याकडे.

"हे काम आतून केलंय, भाऊजी. फळी लावल्यावर. तिथे माझी चार बोटंसुद्धा जात नाहीत." त्याने बॅटरी विझवली. "अशी कारागिरी मी जन्मात केली नाही आणि करणारही नाही. ज्याने केलीय त्याच्या पाया पडेन मी. पण त्याला घरात घेणार नाही."

"काहीतरीच काय बोलतोस," मी म्हणालो. "मीच केलंय. हत्यार आहे तसं, वाकडं."

"कुठलं?"

मी उगाच खिसे चाचपले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि चप्पल घातली. चहाला थांबला नाही. ही नंतर म्हणाली, "जळला असेल. धंद्यातला माणूस आहे, दुसऱ्याचं कौतुक कसं पचेल?" मी हो म्हणालो. ज्याने खरं ओळखलं त्यालाच हलका ठरवला, आणि तोही तिचा सख्खा भाऊ.

५

त्या दिवसापासून मी बिऱ्हाडाला कुलूप लावून किल्ली शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. कामं थांबली नाहीत. उलट जी यादीत नव्हती तीही व्हायला लागली. वरची कपाटं चार बोटं खाली आली होती. पायरीला आधी नव्हती अशी मूठ बसली होती, डाव्या बाजूला. पलंगाची कड हिच्या अंगाला कललेली होती, म्हणजे उठताना जोर लागू नये.

पेन्सिलच्या खुणा मला कपड्यांच्या कपाटात दिसल्या, दाराच्या आतल्या बाजूला. सुताराची पेन्सिल, टोक चपटं. दोन उभ्या रांगा होत्या, आडव्या रेघा आणि त्यांच्यापुढे इंचांचे आकडे. गुडघा, कंबर, कोपर, खांदा, डोकं. पहिल्या रांगेत सगळ्यात वर दोन रेघा होत्या, एक उंच आणि एक तिच्यापेक्षा बरीच खाली.

मी हिला बोलावलं. "जरा इथे उभी राहा. हात वर कर बघू."

"आता आणखी काय मापं घ्यायची राहिलीत?" असं म्हणत ती हसत उभी राहिली. डावा हात उंच रेघेला टेकला. उजवा खांद्याच्या जरा वर जाऊन थांबला, बरोबर खालच्या रेघेपाशी.

"वर कर ना."

"माहीत असून काय विचारता?" ती म्हणाली. "बाबांना उचलून उचलून गेलाय तो खांदा. म्हणून तर कपाटं खाली घेतलीत ना तुम्ही?"

किती वर्षांपासून हात वर जात नाही, हे मला तिला विचारता येईना. माहीत असलेल्या माणसाने ते कसं विचारायचं?

ती दाराला टेकून उभी राहिली. "खरं सांगू? मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे कधी बघतच नाही. येता, जेवता, बॅग भरता, जाता. तुम्हाला माझा कुठला हात दुखतो हेही ठाऊक नसेल असं वाटायचं. आणि तुम्ही तर बोटभरही चुकला नाहीत." तिने डोळे पुसले आणि चहा टाकायला गेली.

मी कपाटापाशी उभा राहिलो. मला स्वतःचा फार राग आला, आणि ज्याने ती खालची रेघ मारली त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटला. मग मी दुसरी रांग वाचली. ती माझी असणार अशी माझी समजूत होती. उंची माझीच होती. खांदा ते बोटांचं टोक, त्यापुढे लिहिलं होतं एकेचाळीस.

मी टेप काढून माझा हात मोजला. एकोणतीस भरला.

६

बुधवारी दुपारी मी झोपलो नाही. जेवून सरळ गाडीत गेलो, दार लावून घेतलं आणि पलंगावर पाठ टेकून बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीतून आमच्या स्वयंपाकघराचं तावदान दिसत होतं, दोरीवरचा टॉवेल दिसत होता. आवाज म्हणून काही नव्हता.

बसल्या बसल्या पलंग अडचणीचा वाटू लागला. माझ्या बाजूची फळी आत सरकली होती. टेप लावला. माझ्या वाट्याला पलंग सोळा इंच उरला होता. उशाशी चष्मा ठेवायला मी मागितलेला कप्पा नव्हता. दाराजवळ टॉवेलसाठी दोन हुक होते. एक हिच्या हाताच्या उंचीला आणि दुसरा पार लांब, चालकाच्या सीटवर बसून मला कधी गाठता येणार नाही इतका.

तेव्हा पाठीमागून आवाज आला. पॉलिश पेपर घासल्याचा. माझ्या पाठीत आणि त्या आवाजात एक फळी होती. सर्र, सर्र. घाई नाही, थांबणं नाही, प्रत्येक हात आधीच्याइतकाच लांब.

उंदीर, मी मनात म्हटलं. उन्हाने पत्रा तापतो, लाकूड फुगतं. उंदीर काही ताल धरत नाही, हेही मीच म्हटलं.

"कोण आहे?"

आवाज थांबला. आतला घाबरला असेल अशी मला आशा होती. पण कामात असलेल्या माणसाला कोणी उगाच काहीतरी विचारावं आणि त्याने ते सोडून द्यावं, तसा तो क्षणभरच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. सर्र, सर्र. मग त्याच्या जोडीने खालच्या पट्टीतलं गुणगुणणं.

मला पळायला हवं होतं. मी मात्र बराच वेळ ऐकत बसलो. इतका एकसारखा हात मी कधी ऐकला नव्हता. शेवटी उठून बाहेर आलो आणि कुलूप घातलं.

७

शुक्रवारी सामान भरायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघायचं. मी स्वयंपाकघरात पाण्याचे कॅन भरत होतो आणि ही गाडीत कपडे लावत होती. अकरा वाजले असतील. खिडकीतून ती मला समोर दिसत होती. पलंगाच्या कडेवर बसून चादरींच्या घड्या घालत होती आणि बोलत होती. आवाज येत नव्हता, ओठ हलताना दिसत होते.

बोलता बोलता तिने शेजारचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि न बघता खाली धरला. तीस वर्षं ती मला वस्तू अशीच देते, डोळे दुसरीकडे ठेवून.

पलंगाखालच्या कप्प्यातून एक हात वर आला आणि त्याने तो अलगद घेतला. शर्टाची बाही नीट दुमडलेली होती. त्या कप्प्यात पाण्याची टाकी आहे, वर जेमतेम वीतभर जागा उरते. मनगट दिसलं, मग कोपर दिसलं. तिथे हात संपायला हवा होता. तो येतच राहिला. हिच्या मांडीवरून चादरीचं टोक घसरलं होतं ते त्याने दोन बोटांनी उचलून परत ठेवलं, आणि मग सावकाश, कुठेही न लागता, खाली गेला.

कॅन भरून वाहत होता. मी तसाच धावलो.

दार उघडलं तर ती एकटी होती. "अहो, आत्ता इथे होतात ना? बाहेर कधी गेलात?"

"तू कोणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याशीच. असं काय करता?"

मी तिच्या पुढ्यात खाली बसलो. तिचे हात धरले. "ऐक. यातलं काहीही मी केलेलं नाही. खटका नाही, टेबल नाही, कपाटं नाहीत. मी दुपारभर झोपलेला असायचो. आपण या गाडीतून जायचं नाही."

ती आधी हसली. मग हसू मावळलं. "मग कोणी केलं?"

मी पलंगाखालच्या कप्प्याकडे पाहिलं.

"आणि हा खांदा?" ती म्हणाली. "तोही तुम्हाला माहीत नव्हता?"

त्या वेळी हो म्हणालो असतो तर ही गोष्ट इथे संपली असती. ती रागावली असती, महिनाभर बोलली नसती, मेहुण्याने गाडी कुठेतरी नेऊन विकली असती. पण तिने तो दुखरा हात छातीशी धरला होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नऊ वर्षांत मी तिला दिलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती माझी नव्हती. ती तिच्याकडून काढून घ्यायची माझी छाती झाली नाही.

"गंमत केली," मी म्हणालो.

"कसली मेली गंमत!" तिने माझ्या खांद्यावर एक चापट मारली. "घाबरवलंत मला."

पलंगाखाली काहीतरी घट्ट आवळल्याचा बारीक आवाज आला. शेवटचा पेच बसतो तसा.

८

शनिवारी पावणेआठला सगळं भरून झालं. तिने निळा स्वेटर घातला होता, केस धुतले होते. ती पुढे बसली, पट्टा लावला. पट्टाही डाव्या हाताने लागेल असा झाला होता. मी चालकाच्या सीटवर बसलो आणि किल्ली फिरवली. माझं ठरलं होतं. पहिल्याच मुक्कामी हॉटेलात राहायचं आणि तिथून गाडी परत पाठवायची. सबब मी वाटेत शोधणार होतो.

"अहो, गॅस बघितलात?"

"दोनदा."

"तरी एकदा बघून या ना. वाटभर माझ्या डोक्यात तेच राहील."

मी इंजिन चालूच ठेवून उतरलो. आत गेलो. गॅस बंद होता. मागचं दार, खिडक्या, नळ, सगळं पाहिलं, पुढचं दार ओढून कुलूप घातलं आणि घराच्या कडेला आलो.

चालकाच्या दाराला मूठ नव्हती. मूठ तुटलेली नव्हती, काढून नेलेली नव्हती. तिथे पांढरा गुळगुळीत पत्रा होता. चालकाच्या काचेवर आतून नवा पडदा ओढलेला होता, चुण्या एकसारख्या. मी वळसा घालून बाजूच्या दाराकडे गेलो. तिथे दारच कुठे सुरू होतं ते कळेना. दोन्ही तळवे पत्र्यावर फिरवले. रंग तोच, चकाकी तीच, बोटाला सांधा लागत नव्हता.

मी पुढे तिच्या काचेशी धावलो; तिच्या दारालाही मूठ नव्हती. ती एका हातावर होती माझ्यापासून. चालकाच्या सीटकडे वळून ती काहीतरी सांगत होती, मान मागे टाकून हसत होती. इतकं मोकळं हसताना मी तिला पाहिलेलं नव्हतं. मी काच बडवली. तिचं नाव घेऊन ओरडलो. आत काही ऐकू जात नाही हे मला माहीत होतं, त्या फोमच्या पट्ट्या मीच आणल्या होत्या. तिच्यापुढून एक बाही आली, लांब, नीट दुमडलेली, आणि तिच्या बाजूची झडप तिने डोळ्यांवर ऊन येतंय म्हणायच्या आत खाली केली.

बिऱ्हाड निघालं. त्या चिंचोळ्या जागेचं तोंड आणखी अरुंद, तिथेच मी ते भिंतीला घासलं होतं. आता दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राखून ते एका वळणात रस्त्यावर गेलं, ना धक्का, ना खडखड. काय हात होता! मी रस्त्याच्या टोकापर्यंत मागे पळालो आणि तरीही माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं.

परत आलो तेव्हा जिथे गाडी उभी असायची तिथे फरशीवर काही वस्तू ओळीने मांडलेल्या दिसल्या. माझी उशी. माझा टॉवेल, घडी घातलेला. माझ्या टॉवेलसाठी मी आणलेला हुक. कामांची वही, सव्वीसच्या सव्वीस ओळींवर काट मारलेली. आणि सगळ्यात शेवटी प्लायचा तळहाताएवढा एक तुकडा, कडा घासून मऊ केलेला. त्यावर चार भोकं होती, तीन तिरकी आणि एक अर्धवट.

ती भोकं त्याने बुजवली असतील असं मला सतरा दिवस वाटत होतं. त्याने तेवढा भागच कापून काढला होता आणि रेषेला रेषा जुळवून दुसरा बसवला होता. तुकडा मात्र जपून ठेवला होता, ज्याचा त्याला परत द्यायला. त्या अख्ख्या गाडीत तेवढंच काम मी माझ्या हाताने केलं होतं.